रविवारचं मीठ

"गुणगुणतायत का बघ," आई म्हणाली.

मी न्हाणीघराच्या दाराला कान लावला. आत बाबा दाढी करत होते. ब्रश कपात आपटल्याचा आवाज, नळाची बारीक धार, आणि मधूनच एका नाट्यगीताची ओळ. शब्द आठवत नसतील तिथे नुसतं "हूं हूं".

मी स्वयंपाकघरात परत आले. "गुणगुणतायत."

"नुसतंच?"

"शेवटी तान घेतली."

आईचा चेहरा खुलला. तिच्या हातात मिठाचा चमचा होता. करंगळीच्या नखाने तिने त्यातलं नखभर मीठ परत बरणीत ढकललं आणि उरलेलं आमटीत घातलं.

"उतरले," ती हळूच म्हणाली. जिना उतरणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मग मोठ्या आवाजात, न्हाणीघराकडे तोंड करून: "अहो, पानं घेतेय!" आणि तिने भांडी अशी वाजवली की कुणाला वाटावं, घरात लग्न आहे.

आम्ही तेव्हा शेवडीच्या माळावर राहायचो. रेडिओ स्टेशन गावात होतं, पण त्याचा ट्रान्समीटर गावाबाहेर, या माळावर. तारांच्या कुंपणाच्या आत एक उंच मनोरा, एक लांबुळकी इमारत, चार क्वार्टर्स आणि थोडे कडुनिंब. बाबा तिथे इंजिनिअर होते. कुंपणाबाहेर पाहावं तिकडे ज्वारी, आणि फाट्यावर एक ढाबा. हा ढाबा लक्षात ठेवायला हवा, कारण त्यानेच सगळं सुरू झालं.

त्या उन्हाळ्यात बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. आईच्या चेहऱ्यावरून तो सौम्य वाटत नव्हता. रक्तदाब वाढलेला होता. लघवी साफ होण्याची एक गोळी सुरू झाली आणि मीठ निम्म्यावर आणायला सांगितलं. "पुढचा झटका यायचा की नाही, ते तुमच्या स्वयंपाकघरात ठरेल," डॉक्टर आईला म्हणाले. ते वाक्य घेऊन आई घरी आली आणि त्याच दिवशी तिने मीठ निम्म्यावर आणलं.

बाबांनी एक घास घेतला. ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग आईकडे.

"घरात कोण गेलंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"हे सुतकातलं जेवण आहे, कुमुद. कोण गेलंय ते तरी सांग. की मीच गेलोय आणि मला कळवायचं राहिलंय?"

ते उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि फाट्यावर जाऊन शेवभाजी खाऊन आले. त्या शेवभाजीत मीठ, तेल आणि तिखट हे तीनच पदार्थ असायचे, बाकी सगळं त्यांच्या आधाराने उभं असायचं. परत आल्यावर म्हणाले, "असलं जेवण वाढलंस तर मी रोज तिथे जेवेन. मला ओळखतो तो. जास्तीचा कांदा देतो."

आईने दुसऱ्या दिवसापासून मीठ पूर्ववत केलं. डॉक्टरांचं वाक्य मात्र तिच्या डोळ्यांत तसंच राहिलं. बाबा ड्यूटीवर गेले की ती मिठाच्या बरणीकडे अशी बघायची, जशी एखादी बाई उर्मट मोलकरणीकडे बघते: काढून टाकता येत नाही आणि ठेवताही येत नाही.

मार्ग सुचवला तो बाबांनीच. त्यांना जेवताना ट्रान्समीटरबद्दल बोलायची सवय होती. त्यातला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे दिव्यासारखी तापणारी काचेची नळी, हा त्यांचा लाडका विषय. तो परदेशातून यायचा, म्हणजे बहुतेक वेळा यायचा नाही. दुसरा मागवलेला होता आणि "येतोय" असं उत्तर दर दिवाळीला मिळायचं. तोवर असलेला टिकवायचा. कंपनीने त्याचं जेवढं आयुष्य सांगितलं होतं ते कधीच उलटून गेलं होतं, तरी तो तापत होता आणि जिल्हाभर बातम्या ऐकू येत होत्या.

"सगळी गंमत फिलामेंटमध्ये आहे," बाबा सांगायचे. "आतली तार. ती तापते म्हणून व्हॉल्व्ह चालतो, आणि तापते म्हणूनच मरतो. नव्या व्हॉल्व्हला पूर्ण व्होल्टेज द्यायचं. तो रुळला की केसाएवढं उतरवायचं. थांबायचं, आउटपुट बघायचं. ढळलं नाही? मग काही दिवसांनी आणखी एक केस. असं करत जायचं. ज्या दिवशी आउटपुट ढळेल, तिथून थोडं वर यायचं आणि तिथेच राहायचं. बस. दुप्पट जगतो."

एरवी आई "हं" म्हणून भाकरी थापायची. त्या दिवशी तिचा हात परातीत थांबला.

"आणि व्हॉल्व्हला कळत नाही?" तिने विचारलं.

"इतक्या थोड्याने काय कळणार त्याला?" बाबा म्हणाले आणि लोणच्याची फोड उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला न्हाणीघराच्या दाराशी पाठवलं.

बाबा खुशीत असले की गुणगुणायचे, बिनसलं की नाही. हा आमचा मीटर. गुणगुणले तर मीठ नखभर खाली. गप्प राहिले तर एक पायरी वर. लोणच्याची बरणी आधी वरच्या फळीवर गेली, मग तिला बुरशी आली असं जाहीर झालं. पापड "संपले". ताटात वरच्या बाजूला लिंबाशेजारी चिमूटभर मीठ वाढतात, तेही बंद झालं. "हवा दमट आहे, मीठ ओलं होतंय," आई म्हणाली. शेवडीच्या माळावर तेव्हा मातीत हात जाईल एवढ्या भेगा होत्या. बाबा "असेल" म्हणाले.

मी बारावीत होते आणि इतक्या मजेचा अभ्यास मला पुस्तकात कधी मिळाला नव्हता. दसऱ्यापर्यंत आमटी निम्म्याच्या आसपास आली आणि बाबा मिटक्या मारत जेवत होते. एकच कोडं होतं. रविवारी सकाळी ते हमखास गप्प असायचे. दाढी होईपर्यंत चकार सूर नाही. मग आई चमचा सपाट भरायची, आणि सोमवारी पुन्हा तान ऐकू यायची.

"रविवारी यांचं काय बिघडतं?" आई म्हणायची. "सुट्टी तर असते."

"बातम्या वाचून होत असेल."

"तेच असेल," आई म्हणायची आणि भरल्या वांग्यांचा मसाला हाताला लागेल तसा कालवायची.

दिवाळीनंतर आत्या आली. बाबांची थोरली बहीण, सोलापूरची. बाबा तिला आक्का म्हणायचे आणि थोडे घाबरायचे. तिच्या पिशवीत कुरडया, सांडगी मिरच्या, खारातले आवळे आणि लिंबाचं लोणचं होतं. आईने ते सगळं "उन्हात ठेवते हां, वन्सं" म्हणून उचललं आणि गहू ठेवायच्या पत्र्याच्या डब्यामागे नेऊन लपवलं.

पहिल्याच जेवणाला आत्याने आमटीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"कुमुद, मीठ विसरलीस."

मी ताटात बघत राहिले. आई म्हणाली, "घातलंय, वन्सं."

"कुठल्या आमटीत घातलंस? शेजारच्यांच्या?"

"बरोबर आहे मीठ," बाबा म्हणाले. "वाढ गं आणखी."

आत्याने भावाकडे बघितलं. "भाल्या, माळावर राहून तुझी जीभ गेली का रे? हे बरोबर आहे? लहानपणी आईच्या आमटीत कोथिंबीर कमी पडली तर गच्चीवर जाऊन बसायचास तू."

"तेव्हा मला अक्कल नव्हती."

"आणि ताटात मीठ का नाही वाढलं? पान वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात. मिठावाचून पान मांडलेलं मी तरी पाहिलं नाही कुणाच्या घरी."

"ओलं होतं ते, वन्सं. हवेमुळे—"

"ही हवा?" आत्याने खिडकीबाहेर हात केला. बाहेर वावटळ धूळ घेऊन नाचत होती. ती उठली, फळीवरून बरणी काढली आणि सगळ्यांच्या ताटांत एकेक चिमूट मीठ वाढत आली. माझ्या, आईच्या, स्वतःच्या. शेवटी बाबांच्या. त्यांच्या ताटात तिने लाडाने दोन चिमटी वाढल्या. पांढरीशुभ्र ढिगली लिंबाच्या फोडीशेजारी बसली.

आईचा घास हातातच राहिला. सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा, ते नखभर-नखभर उतरणं. ते सगळं मोडायला पुरेसं मीठ आता बाबांच्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. एकदा चव लागली की खेळ खलास; मग फाटा आणि ढाबा.

बाबांनी मिठाकडे बघितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. मीठ पलीकडच्या बाजूला गेलं.

"अरे, वाढलेलं ताट फिरवू नये!" आत्या ओरडली.

"भात लांब पडत होता," बाबा म्हणाले आणि जेवू लागले.

जेवणं झाल्यावर आई बाबांचं ताट हातात धरून मोरीशी उभी होती. ताट चाटूनपुसून स्वच्छ, आणि कडेला मिठाची ढिगली जशीच्या तशी.

"वैजू, यांनी मीठ सोडलं," ती मला म्हणाली. आनंदाने नाही. हिशेब न जुळलेल्या माणसासारखी.

बाहेरच्या खोलीत बाबा आत्याला सांगत होते, "उद्या ट्रान्समीटर बघायला चल, आक्का. साहेबांना विचारून ठेवतो."

"मीही येते," आई आतून म्हणाली. इतकी वर्षं त्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर राहून ती आत कधी गेली नव्हती. बाबांना फार आनंद झाला.

आत पंख्यांचा घों घों आवाज होता. जिना चढून वर जायचं होतं. बाबा पुढे होते. मधल्या पायरीवर ते कठडा धरून थांबले. आम्हाला वाटलं, आत्यासाठी थांबले. आत्याला वाटलं, आईसाठी. आईला काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही. ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

"हा," बाबा म्हणाले.

लोखंडी कपाटाला काचेचा झरोका होता. आत घागरीएवढा व्हॉल्व्ह, आणि त्याच्या पोटात नारिंगी उजेड. मी तो अनेकदा पाहिला होता. आईने मात्र पदर सावरला आणि देवळात वाकावं तशी वाकून पाहिलं.

"एवढासाच?" आत्या म्हणाली. "याच्यापायी तू सोलापूरची बदली नको म्हणालास?"

"याच्यापायीच. हा गेला तर जिल्हाभर नुसती खरखर."

"मग चांगली भरपूर वीज दे की त्याला. उपाशी कशाला ठेवतोस? मघापासून ऐकतेय, कमी केलं, उतरवलं."

"भरपूर दिली की लवकर मरतो, आक्का."

"मेला विचित्रच आहे."

बाबांनी तिला नॉब दाखवला, मीटरचा काटा दाखवला, बाहेर शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कसं पडतं आणि ते कसं सावरायचं, तेही सांगितलं. आत्या जांभई आवरत होती. आई मात्र एकेक शब्द ऐकत होती. मग तिने विचारलं, "आणि फार खाली गेलं तर?"

बाबा काट्याकडे बघत राहिले. "तर तोही मरतो. वरून दिसत नाही. उजेड असतो, पण आतून सुकत जातो. मग कितीही व्होल्टेज वाढवलं तरी पहिल्यासारखा होत नाही."

"पण मीटर सांगतो ना आधी?"

"मीटर खरा असला तर."

"नसतो?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "असतो. पण एखाद्या मीटरला वाटतं, नॉबवर हात असलेल्या माणसाला बरं वाटावं."

"मीटरला वाटतं?" आत्या म्हणाली. "भाल्या, तुला ऊन लागलंय—"

"वन्सं, जरा थांबा," आई म्हणाली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आत्याही थांबली, बहुधा आश्चर्यानेच. आई बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, काय होतंय तुम्हाला? सरळ सांगा."

"जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते."

"कधीपासून?"

"झाले असतील आठ-दहा दिवस."

"मिठामुळे?"

"गोळी आणि मीठ दोन्ही मिळून असेल. दिवाळीनंतर तू घाई केलीस, कुमुद. एकदम दोन-दोन पायऱ्या उतरलीस. मध्ये थांबायचं असतं."

मीच विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. जेवल्यावर तांब्याभर पाणी लागायचं, ते अर्ध्यावर आलं. जिभेला फसवाल, तहानेला कसं फसवणार?"

"मग बोलला का नाहीत?" आईचा आवाज चढला. पंख्यांच्या आवाजावर चढला. "मी रोज त्या चमच्यावर जीव टांगून बसतेय! आणि अंधारी येत असताना तुम्ही गुणगुणत होतात? ताना घेत होतात?"

"तू पोरीला दाराशी उभी करतेस," बाबा म्हणाले. "ती आत येऊन सांगते, तान घेतली. मग तुझ्या भांड्यांचा आवाज बदलतो. झटका आल्यापासून तू भांडी कशी ठेवायचीस, आवाज न करता, घरात कुणी झोपलंय अशी. मी गुणगुणलो की ती वाजायला लागतात. मला आत ऐकू येतं ते. म्हणून गुणगुणलो."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. पण ती एकदम म्हणाली, "आणि रविवारी?"

"रविवारी काय?"

"रविवारी गप्प का असायचात?"

बाबांनी पुन्हा चष्मा काढला. आता तो पुसायची काही गरज नव्हती. "रविवारी भरली वांगी असतात," ते म्हणाले. "ती अळणी खाणं पाप आहे."

आत्याच्या डोक्यात उजेड पडला तो इथे. "म्हणजे मीठ कमी करायचं होतं? आणि मी काल दोन चिमटी… अरे मेल्या, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर कुमुदला कळलं असतं की मला कळलंय."

"सगळे एकजात वेडे आहात," आत्या म्हणाली, आणि कपाटाच्या झरोक्याकडे हात करून, "आणि हा पण."

त्याच दुपारी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि आईने मीठ एक पायरी वर आणलं. अंधारी थांबली. तिथून पुढे ते मीठ हललं नाही. न्हाणीघराच्या दाराशी उभं राहायची माझी नोकरी सुटली. ताटावर बसल्यावर बाबाच खरं काय ते सांगू लागले. फक्त रविवारी सकाळी ते पूर्वीसारखेच गप्प राहायचे. सगळं माहीत असूनही आई दर रविवारी मला म्हणायची, "आज काहीतरी बिघडलंय यांचं," आणि चमचा सपाट भरायची.

तो व्हॉल्व्ह जळला नाहीच. नवा ट्रान्समीटर आला, त्यात व्हॉल्व्हच नव्हते, आणि जुना चालता-बोलताच उतरवला गेला. बाबा त्यानंतरही पुष्कळ जगले. डॉक्टर गेले, ढाबेवाला गेला, आत्याही गेली. जाईपर्यंत ती येईल त्याला सांगायची की तिच्या भावाच्या घरी विजेच्या दिव्याची आणि नवऱ्याची देखभाल एकाच पद्धतीने होते.

बाबा या मार्गशीर्षात गेले. झोपेत. सुतकातले दिवस आम्ही अळणी जेवलो. पहिल्या घासाला आई म्हणाली, "यांना हेच नको होतं बघ," आणि ताट बाजूला सारलं.

दिवस झाल्यावर मी तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. ती कसली तक्रार करत नाही. वाढलेलं थोडंसं खाते, थोडंसं चिवडते. दुपारभर खिडकीशी बसते. भांडी घासून ठेवते, पण आवाज न करता. मी आमटीत मीठ घालते ते तिचंच, बाबांच्या मापाचं. मला दुसरं माप येत नाही. "आई, कमी-जास्त काही हवं का?" असं विचारलं की म्हणते, "ठीक आहे."

परवा बाजारात लहान, काटेरी देठांची वांगी दिसली. घेऊन आले. मसाला कालवताना हात चमच्याशी थांबला. कुणाचा आवाज ऐकायची मी वाट बघतेय, हे माझं मलाच कळलं. न्हाणीघरात कुणी नव्हतं. मी चमचा सपाट भरला.

पान वाढलं. लिंबाची फोड ठेवली, शेजारी चिमूटभर मीठ.

आईने ताटाकडे पाहिलं. एक घास घेतला, सावकाश चावला. मग दुसरा घेतला. मग वांग्याचं देठ धरून ते पुढे ओढलं.

"वैजू," ती म्हणाली, "आज रविवार आहे का गं?"

बुधवार होता.

"हो," मी म्हणाले.

"मग अजून एक वाढ," आई म्हणाली.